कॅमेरा कोणाकडे वळला?

मार्च १९३० या एकाच महिन्यात या देशात दोन सत्याग्रह सुरू झाले. २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांचा सत्याग्रह आणि १२ मार्चला साबरमतीहून गांधींची दांडी यात्रा. १५ ऑगस्ट आला की दांडी यात्रेची हलती चित्रे टीव्हीवर दिसू लागतात. काठी टेकत झपाझप चालणारे गांधी शाळेतल्या पोरालाही ओळखता येतात. काळाराम सत्याग्रहाची मात्र फूटभर फिल्मसुद्धा आजवर आमच्या पाहण्यात आलेली नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहाचेही तेच. तेव्हा या देशात कॅमेरा नव्हता काय? होता. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. १९३० पर्यंत मुंबई, पुणे, कोल्हापुरात चित्रपटांचा धंदा चांगला जोरात होता. कॅमेरा होता, पण तो आमच्या बापजाद्यांकडे वळला नाही.

राष्ट्राचा इतिहास आणि संस्कृती चित्रपटांत व दूरदर्शनवर जपली जाते, असे आता विद्वान मंडळी सांगतात. आम्हाला ते मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच की, राष्ट्र म्हणजे कोण?

हेही खरे की, या देशाने स्वतःच्या 'मुख्य प्रवाहाचा' ठेवासुद्धा धड सांभाळला नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर पन्नास वर्षांनी. तोवर बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१), त्याची एकही प्रत शिल्लक नाही. फिल्मच्या फितीत चांदी असते, ती काढण्यासाठी लोकांनी जुन्या फिल्म विकल्या. पी. के. नायर या एका माणसाने आयुष्य वेचून दारोदार फिरून जे मिळाले ते गोळा केले. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि त्यातलाही काही ठेवा जळाला. ज्यांच्या हाती सत्ता, पैसा, स्टुडिओ होते त्यांची ही गत. मग ज्यांचे चित्रणच झाले नाही त्यांचे काय बोलावे!

७ डिसेंबर १९५६ चा दिवस घ्या. बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, दादरला लाखोंचा सागर लोटला. सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग १९४८ पासून होता, वृत्तचित्रे नियमित निघत होती. तरीही त्या अंत्ययात्रेच्या चित्रीकरणाचा विषय निघाला की नाव घ्यावे लागते ते नामदेवराव व्हटकर यांचे. समाजातल्या या लेखकाने, सिनेमाच्या माणसाने, पदरमोड करून कॅमेरा उभा केला. दुःखाच्या त्या दिवशी सगळे रडत असताना 'हे पुढच्या पिढीला दिसले पाहिजे' असे ज्याला सुचले, त्याचे आपल्यावर केवढे ऋण आहे! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सीडीचे स्टॉल लागत असत, आज तीच दृश्ये मोबाईलवर फिरतात. त्यातल्या कितींवर व्हटकरांचे नाव असते? येथे दोष मनुवाद्यांना देता येणार नाही, समाजबांधवांनो.

दूरदर्शनने १९८७ साली 'रामायण' आणि १९८८ साली 'महाभारत' सुरू केले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. पुराणालाच इतिहास म्हणून घराघरात बसवले गेले, त्याची फळे देश पुढे भोगतोच आहे. नेहरूंच्या ग्रंथावर श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही मालिका १९८८ साली आली. बाबासाहेबांच्या ग्रंथांवर तशी मालिका काढावी असे सरकारी माध्यमाला तेव्हा सुचले नाही. बेनेगल यांनीच २०१४ साली राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान' ही दहा भागांची मालिका केली, त्यात सचिन खेडेकर बाबासाहेब झाले. ही मालिका प्रत्येक विहारात दाखवावी, इतकी चांगली आहे.

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट सरकारी पैशातून तयार झाला. मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तमिळ भाषेतला हाच चित्रपट तामिळनाडूच्या थिएटरात लागायला डिसेंबर २०१० उजाडले आणि त्यासाठी एका वकिलाला मद्रास उच्च न्यायालयात जावे लागले! जनतेच्या पैशाने केलेला चित्रपट जनतेला दाखवा, एवढ्यासाठी याचिका. आमच्या व्यवसायबंधूचा आम्हाला अभिमान वाटतो.

२०१९ पासून खासगी वाहिन्यांवर बाबासाहेबांच्या मालिका झाल्या. बायाबापड्यांनी त्या डोळ्यांत पाणी आणून पाहिल्या. त्याला आमचा विरोध नाही. परंतु मालिका म्हणजे पुरावा नव्हे. नटाचा चेहरा पाहून पोरे 'हेच बाबासाहेब' म्हणू लागली, तर अस्सल फितीतले बाबासाहेब कोण शोधणार?

फीत पुरावा कशी होते, हे रमाबाई नगरने शिकवले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरला पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, दहाजण शहीद झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. आनंद पटवर्धन तेव्हापासून चौदा वर्षे चित्रीकरण करीत राहिले आणि 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. त्या गोळीबाराने व्यथित होऊन आत्महत्या केलेले शाहीर विलास घोगरे त्यात आहेत, कलापथके आहेत, वस्तीतल्या आयाबहिणी आहेत. संबंधित अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. निकालपत्र किती लोक वाचतात? त्या आयांचे चेहरे मात्र विसरता येत नाहीत.

आता आमच्याच वस्तीची गोष्ट. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा आम्ही शाळेत होतो. वस्तीत मिरवणूक निघाली, लाँग मार्चला गेलेल्या म्हाताऱ्यांचा सत्कार झाला. वर्गणी काढून व्हिडिओवाला आणला होता. तीन कॅसेट विहाराच्या कपाटात मूर्तीमागे ठेवल्या गेल्या. गेल्या पावसाळ्यात कपाट उघडले तर त्यांवर पांढरी बुरशी. व्हीसीआर यंत्रे बनणे २०१६ सालीच थांबले. एकीवर तर वरून कोणाच्या तरी लग्नाचे चित्रण झालेले निघाले. दोष कोणाला देणार? आम्हीही वीस वर्षे त्या कपाटासमोर वंदना घेऊन घरी जात होतो.

संविधानाचे कलम ५१-क संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगते. फिल्म्स डिव्हिजन आणि चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्यांच्या गोदामात बाबासाहेबांचे, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचे, दलित पँथरच्या काळाचे काय काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे, याची यादी माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते. प्रसिद्ध झालेल्या फिल्मचा स्वामित्व हक्क कायद्याने साठ वर्षांनी संपतो, तेव्हा १९५६ च्या वृत्तचित्रावर आज कोणाची मक्तेदारी सांगता येणार नाही. आम्ही अर्ज लिहून ठेवला आहे. प्रत्येक जिल्ह्यातून असा एक अर्ज जावा. आणि ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट आहेत त्यांनी त्या लोखंडी कपाटात कोंडू नयेत, उन्हात तर मुळीच वाळवू नयेत, आधी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात आणि जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात.

आमच्या तीनपैकी एक कॅसेट शहरातल्या एका जुन्या व्हिडिओवाल्याने चालवून दिली. अकरा मिनिटे निघाली. ती विहारात भिंतीवर दाखवली, तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "थांबव बाबा, ते निळा फेटावाले आमचे मालक हायेत." त्यांच्या घरी नवऱ्याचा एकही फोटो नव्हता.