भाव चढला की चढवला?

मोमिनपुऱ्यातील विणकर असो की इतवारी-गांधीबागेतील दुकानदार, परप्रांतीच्या गिऱ्हाइकाला किंवा कंपनीला भाववाढ कळवायची तर पत्र बहुधा इंग्रजीत जाते. त्या पत्रात दोन शब्दांची गल्लत हमखास होते. एक ‘राइझ’ (आर-आय-एस-ई) आणि दुसरा ‘रेझ’ (आर-ए-आय-एस-ई). दोन्हींत वर जाणे आहे, म्हणून कोणताही चालेल असे वाटते. तसे नाही.

हा फरक आपण बोलताना रोज पाळतो. मराठीत ‘चढणे’ आणि ‘चढवणे’, उर्दूत ‘बढना’ आणि ‘बढाना’. ‘राइझ’ म्हणजे स्वतः वर जाणे. सूर्य, नदीचे पाणी, बाजारभाव. ‘रेझ’ म्हणजे कोणीतरी वर करणे. हात, भिंत, मजुरीचा दर. २०२२ साली केंद्र सरकारने सोन्यावरील आयात शुल्क १०.७५ वरून १५ टक्के केले. येथे सरकारने शुल्क ‘रेझ’ केले आणि त्यामुळे सराफ्यातला भाव ‘राइझ’ झाला. भूतकाळी रूपेही निराळी आहेत. राइझचे रोझ आणि रिझन, रेझचे सरळ रेझ्ड. म्हणून ‘वुई हॅव रिझन अवर रेट्स’ हे वाक्य चूक आहे.

विणकराने असे लिहावे : ‘यार्न प्राइसेस हॅव रिझन, देअरफोर वुई आर रेझिंग अवर रेट्स.’ सुताचा भाव चढला, हे आपल्या हातचे नव्हते. म्हणून दर वाढवतो, हा आपला निर्णय. कारण आणि निर्णय दोन्ही गिऱ्हाइकापुढे स्वच्छ येतात.

करारात तर अधिक जपावे. ‘इफ प्राइसेस राइझ’ म्हणजे फक्त ‘भाव चढल्यास’. चढल्यावर काय करायचे, ते पुढे लिहिलेले हवे. ‘द सप्लायर मे रेझ द रेट’ असेल तर दर वाढवण्याची मुभा माल पुरवणाऱ्याला मिळते. हे वाक्य नसेल तर सही करण्याआधी घालून घ्यावे. सागवान किंवा सूत महागल्यावर वाद घालून उपयोग नाही.

आपल्या दीनी शिकवणुकीतही हा भेद आहे. मदिनेत भाव चढले तेव्हा लोकांनी हुजूर (स.) यांना दर ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ते नाकारले. महागाई-स्वस्ताई अल्लाहच्या हाती आहे, असे सांगितले. अबू दाऊद व तिरमिझी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे. मात्र माल दडवून टंचाई करणे (इहतिकार) आणि घ्यायचे नसताना लिलावात खोटी बोली चढवणे (नजश), या दोन्हींना मनाई आहे. भाव चढणे एक, तो असा चढवणे दुसरे. सूत महागले म्हणून उघडपणे दर वाढवणारा विणकर अर्थातच यात मोडत नाही.

बिल काढण्यालाही ‘रेझ’ म्हणतात, भांडवल उभारण्यालाही. पगारवाढीला इंग्लंडात ‘राइझ’ तर अमेरिकेत ‘रेझ’ म्हणतात, तेव्हा तिकडच्या पत्रात दोन्ही दिसतील.

बांधकाम ठेकेदारांसाठी एक खास सूचना. आय गाळून आणि एसऐवजी झेड घालून (आर-ए-झेड-ई) लिहिलेला ‘रेझ’ही आहे. उच्चार तोच, पण अर्थ जमीनदोस्त करणे! भिंतीबाबत असा निरोप फोनवर आला तर तो लेखी मागून घ्यावा.