सीमेवरील जिल्हा : गडचिरोली

महाराष्ट्राच्या नकाशावर मुंबईपासून पूर्वेकडे बोट फिरवीत नेले, तर ते सर्वांत शेवटी ज्या भूमीवर येऊन थांबते, ती गडचिरोली जिल्ह्याची भूमी होय. पश्चिमेस चंद्रपूर, पूर्वेस छत्तीसगढ आणि दक्षिणेस तेलंगण यांच्यामध्ये हा जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा तीन-चतुर्थांश भाग अरण्याने व्यापलेला आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत भरली. महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ३६५ माणसे राहतात, तर येथे अवघी ७४. शंभरातील एकोणनव्वद माणसे खेड्यांतच राहतात.

या जिल्ह्याच्या सीमा बहुतेक ठिकाणी नद्यांनीच आखल्या आहेत. मध्य प्रदेशात उगम पावलेली वैनगंगा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहत येते. मार्कंडा येथे ती आपला नेहमीचा मार्ग सोडून काही अंतर उत्तरेकडे वळते. त्याच वळणावर सुंदर कोरीव दगडी देवळांचा समूह उभा असून महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा नदी वैनगंगेस मिळते आणि त्या संगमापासून दोघींचे मिळून प्राणहिता असे नाव होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. पूर्वेकडून ओडिशातील डोंगरांतून निघालेली इंद्रावती येते. भामरागड येथे तिला पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या मिळतात आणि शेवटी सोमनूरजवळ तीही गोदावरीचीच होते.

प्राणहितेच्या व गोदावरीच्या खोऱ्यातील खडक अतिप्राचीन आहेत. सिरोंचा तालुक्यातील वडधम परिसरात दगड झालेली झाडांची खोडे सापडतात. याच खोऱ्यात बारापासॉरस या प्रचंड प्राण्याची हाडे मिळाली. तो सोळा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी येथे वावरत होता. त्या काळी येथे ना राज्ये होती, ना त्यांच्या सीमा.

सीमा पुढे माणसांनी आखल्या आणि त्या वेळोवेळी बदलल्याही. हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांच्या सत्तेखाली दीर्घकाळ होता. अठराव्या शतकाच्या मध्यास तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचे राज्य खालसा केले. चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने आदिवासींची सेना उभारून इंग्रजांशी झुंज दिली. शेवटी तो पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. दक्षिणेकडील सिरोंच्याचा इतिहास थोडा निराळा आहे. तो भाग निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आला आणि काही वर्षे सिरोंचा हे एका स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. तो जिल्हा मोडल्यावर सिरोंचा चांद्यास जोडला गेला.

स्वातंत्र्यानंतर हा प्रदेश प्रथम मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला. शेजारची राज्येही बदलली. २००० साली छत्तीसगढ व २०१४ साली तेलंगण ही नवी राज्ये निर्माण झाली. एखाद्या वृद्ध माणसाने आपले गाव जन्मात कधी सोडले नसेल, तरी त्याच्या गावाने मात्र तीन राज्ये पाहिली आहेत!

नकाशावरील रेघ माणसांना विभागते. परंतु बोली, बाजार आणि सोयरीक ही त्या रेघेस जुमानीत नाहीत. भामरागडच्या रानातील मुलाची मायबोली माडिया असते. सिरोंच्याच्या घराघरांत तेलुगू बोलली जाते. पूर्वेकडील गावांत छत्तीसगढी कानी पडते, तर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे मुलचेरा भागात बंगाली बोलतात. ही सर्व मुले शाळेत येऊन मराठी शिकतात. शेजाऱ्याशी शेजाऱ्याच्या भाषेत बोलणे हे त्यांना लहानपणापासूनच साधते.

अशा दूरच्या जिल्ह्यातील जीवन मात्र सोपे नाही. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेस महापूर आला, की भामरागडचा इतर जगाशी संबंध तुटल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. १९८० नंतर सशस्त्र नक्षलवादी चळवळ येथे पसरली. तिच्या हिंसाचारात अनेक आदिवासी व पोलीस प्राणास मुकले. या अडचणींतही कामे उभी राहिली. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला आणि माडिया मुलांसाठी शाळा काढली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांनाच शिकवून नवजात बालकांचे प्राण वाचविण्याची रीत घालून दिली.

येथील माणसाचे खरे धन म्हणजे अरण्य. मोहाची फुले, तेंदूची पाने, डिंक, मध आणि बांबू यांवर कित्येक कुटुंबांचा संसार चालतो. परंतु हे अरण्य कोणाचे, हा प्रश्न फार जुना आहे. इंग्रजी अमदानीत जंगले सरकारजमा झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांत राहणारा माणूस तेथेच परका ठरला. स्वतःच्या घरासाठी बांबू तोडणे हाही गुन्हा होऊ लागला.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने या प्रश्नाचे उत्तर शांतपणे शोधले. गावातील प्रत्येक निर्णय ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, एकाचाही विरोध असेल तर थांबावयाचे, अशी पद्धत तेथे पडली. देवाजी तोफा यांच्यासारख्या गावकऱ्यांनी एकत्र बसून कायद्याचा अभ्यास केला. २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य करण्यात आला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाला मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्यांना बांबूसाठी दंड होत असे, तेच आता त्याचे राखणदार झाले. किती बांबू तोडावा आणि किती राखावा, हे ग्रामसभा ठरवू लागली.

राजधानीपासून दूर असलेल्या प्रदेशास आपण सहज राज्याचे शेवटचे टोक म्हणतो. परंतु पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाशास तेच महाराष्ट्राचे पहिले अंगण आहे. ज्याच्या अंगणातील माणूस निर्भय आणि आपल्या भूमीचा राखणदार असतो, तेच घर सुरक्षित असते.