कानातला आवाज स्कॅनमध्ये दिसत नाही

रात्री टीव्ही, पंखा बंद झाला की काहींच्या कानात शिट्टी नाहीतर रातकिड्यांची किरकिर सुरू होते. बाहेर मात्र कसलाच आवाज नसतो. हा टिनिटस. २०२२ साली जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना तो जाणवतो आणि दोनेक टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो. महिनोन् महिने आवाज थांबेना, की घरचे सांगतात, "एकदाचा मेंदूचा एमआरआय काढून घे."

गैरसमज : एमआरआयमध्ये टिनिटस कळतो.

नेहमीचा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. आवाज त्यात उमटत नाही. टिनिटसचं निदान होतं ते रुग्ण जे सांगतो त्यावरून, कानाच्या तपासणीवरून आणि ऑडिओमेट्रीवरून, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीवरून. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे, की निव्वळ टिनिटससाठी स्कॅन करू नये. अपवाद चार : आवाज एकाच कानात असणं, तो नाडीच्या ठोक्यांबरोबर येणं, दोन कानांच्या ऐकण्यात फरक असणं, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडण्यासारखं मज्जासंस्थेचं लक्षण दिसणं. एकाच कानात आवाज असेल तर ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवरची गाठ आहे का, हे पाहतात. ही गाठ कर्करोगाची नसते, पण वेळेत सापडलेली बरी. ठोक्यांबरोबर येणाऱ्या आवाजात रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे सगळे मनाचे खेळ.

हा गैरसमज रुग्णाला सर्वांत जास्त छळतो आणि तो साफ चुकीचा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत बफेलो इथल्या संशोधकांनी असे चार रुग्ण निवडले, ज्यांना जबडा आवळून किंवा चेहऱ्याची हालचाल करून आपला टिनिटस लहान-मोठा करता येत होता. पेट स्कॅनमध्ये दिसलं, की आवाज बदलला की मेंदूच्या श्रवणभागातला रक्तप्रवाहही बदलतो. आणखी एक गोष्ट दिसली. खरा आवाज एका कानात सोडला तरी मेंदूच्या दोन्ही बाजू जाग्या होतात. टिनिटसमध्ये मात्र बदल एकाच बाजूला, आवाज येणाऱ्या कानाच्या विरुद्ध अंगाला होता. म्हणजे या रुग्णांचा आवाज कानात नव्हे, मेंदूच्या श्रवणयंत्रणेत उमटत असावा. बाहेर आवाज नसतो, पण ऐकू येणं खरं असतं.

मग हेच स्कॅन दवाखान्यात का करत नाहीत? कारण असे निष्कर्ष बहुतेक वेळा गटांच्या तुलनेतून निघतात. एका माणसाच्या चित्रावरून निदान करण्याइतके ते पक्के नाहीत. त्यात मेंदूचं काम टिपणाऱ्या फंक्शनल एमआरआयचं यंत्र स्वतःच शंभरेक डेसिबलचा खडखडाट करतं. बहुतेक रुग्णांचं ऐकणंही कमी झालेलं असतं, त्यामुळे दिसलेला फरक टिनिटसचा की बहिरेपणाचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. २०२० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी डोक्यावर प्रकाशाचे सेन्सर लावून टिनिटस असलेल्या २५ आणि नसलेल्या २१ जणांची तपासणी केली; संगणकाने सुमारे ७८ टक्के अचूकतेने त्यांच्यात फरक ओळखला. पाऊल आशादायक आहे, पण एवढ्या थोड्या लोकांवरून चाचणी दवाखान्यात आणता येत नाही.

तेव्हा स्कॅनआधी ऑडिओमेट्री करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांचा त्रास हलका होतो. झोप उडाली असेल तर समुपदेशनाचा, विशेषतः कॉग्निटिव्ह बिहेव्हिअर थेरपीचा, उपयोग होतो. आणि एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर आठवडाभर थांबू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो.