टाचेखालची नक्षी

पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी शाळेच्या सहलीत पळत पळत पाहिलं होतं. तेव्हा लक्षात राहिला तो फक्त मस्तानी महाल. या खेपेला ठरवून महालाकडे पाठ केली आणि अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभा राहिलो.

अडकित्त्याला लागतं तरी काय? दोन दांडे, एक खीळ आणि एक धारदार पातं. सुपारी कातरायला एवढं पुरतं. आजीच्या चंचीत होता तो असाच होता, काळा, लोखंडी, कुरकुरणारा. इथे मात्र पितळी दांड्यांवर पोपट आहेत, घोडे आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. एका जोडीतली बाई एका दांड्यावर, बुवा दुसऱ्यावर. दांडे उघडले की दोघं लांब, मिटले की गळामिठी. म्हणजे सुपारीचं प्रत्येक खांड पडताना यांची भेट! घडवणाऱ्याने गालातल्या गालात हसतच हे केलं असणार. गंमत करताना त्याचं हाताकडेही लक्ष आहे. नक्षी सगळी खिळीच्या आसपास; तळवा जिथे दाबणार तिथे दांडा गुळगुळीत. नाहीतर पोपटाची चोच रोज हातात रुतली असती.

शेजारी वज्र्या. न्हाणीघरात टाचा घासायची वस्तू. खालची बाजू आडव्याउभ्या खाचांनी खरखरीत केलेली, वर धरायला मोर किंवा हत्ती. काही पोकळ असतात आणि आत खडे असतात, घासताना वाजावेत म्हणून. दार लावून, एकटीने, भेगाळलेली टाच घासायची, तिथे हा खुळखुळा कुणासाठी? घासणारीसाठीच. दुसरं उत्तर मला तरी सुचत नाही.

हे सगळं गोळा करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). घरचा धंदा चष्म्यांचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता. (चष्मेवाल्याच्या नजरेवर कोटी करायचा मोह होतो, पण ती आधी कुणीतरी केलेलीच असणार.) १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि पुढची कित्येक वर्षं ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला; संग्रहाला त्याचं नाव दिलं. १९६२ साली संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वस्तू सुमारे २०,०००, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास.

राजेरजवाड्यांच्या तलवारी कुणीही जपतं. दिवे, दौती, कुलपं, वज्र्या यांच्यामागे माणूस हयात घालवतो, हे मला जास्त विलक्षण वाटतं. कारण या वस्तू मौल्यवान आहेत हे त्यांच्या मालकांनाच ठाऊक नव्हतं. आमच्याच घरात स्टीलची भांडी आली तेव्हा पितळ वजनावर मोडीत गेलं. त्यात काय काय होतं, ते आता सांगायलाही कुणी उरलेलं नाही.

काचेला नाक लावून पाहिलं तरी वज्रीतले खडे काही वाजत नाहीत. मी पुढे सरकणार तेवढ्यात मागून एक आजी आल्या, बोट धरून नात.

‘‘आजी, ही पक्कड आहे?’’

‘‘पक्कड कसली गं! अडकित्ता तो.’’

‘‘म्हणजे?’’

आजींनी पिशवी कोपराला अडकवली. डाव्या हाताच्या चिमटीत नसलेली सुपारी धरली, उजव्या हाताची मूठ सावकाश मिटली, आणि आवाज तोंडानेच काढला, ‘‘कट्.’’

‘‘परत कर,’’ नात म्हणाली.