जांभळं पाणी आणि एक बादली

चंदीगडमध्ये 15 एप्रिल ते 30 जून या दिवसांत पाइप लावून गाडी धुणं खिशाला चांगलंच महागात पडतं. महापालिकेची पथकं भल्या पहाटे सेक्टरांतून फिरतात आणि दंड 5 हजारांच्या वर जातो. बादली-मगाला मात्र मुभा आहे. शहराचं पाणी भाक्रा कालव्यातून कजौलीच्या पंपांवरून येतं, तेव्हा ही कडकाई समजण्यासारखी आहे. अडचण एवढीच, की हे गाव गाड्यांवर जीव टाकणारं! नोंदणी झालेल्या वाहनांचा आकडा इथे लोकसंख्येच्या पुढे गेलाय. 2022 साली एका गृहस्थांनी 71 हजारांच्या अ‍ॅक्टिव्हासाठी ‘सीएच 01 सीजे 0001’ हा नंबर लिलावात 15 लाख 44 हजारांना घेतला. नंबरप्लेटचा असा थाट, तिथे अलॉय व्हील मळकट राहून कसं चालेल?

आता त्या मळाकडे पाहू. पुढची चाकं मागच्यांपेक्षा नेहमी जास्त काळी असतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या ब्रेकना जास्त राबावं लागतं. तिथे पॅड आणि डिस्क झिजून जी तपकिरी भुकटी उडते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते गरम असतानाच चाकावर बसतात, गंजतात आणि मग साध्या शाम्पूला दाद देत नाहीत.

त्यावर आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की मिनिटभरात चाकावरून जांभळे ओघळ सुटतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं, त्याचा हा रंग. वास मात्र नासलेल्या अंड्याचा! पार्लरमध्ये केस कुरळे करायचं औषधही याच कुळातलं, म्हणून काही बायकांना हा वास लगेच ओळखू येतो. वाळण्याआधी धुऊन टाकायचं आणि तापलेल्या चाकावर मुळीच फवारायचं नाही. मे महिन्यातल्या चंदीगडमध्ये म्हणजे सकाळीच उरकायचं.

टॉयलेट क्लीनरने चाक ‘लख्ख’ होतं असं सांगणारे महाभाग भेटतील. त्यांना लांबूनच नमस्कार. अ‍ॅल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि कडक अल्कलीही. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात उकळलं की ते काळं पडतं, हे आपल्या आजीला ठाऊक होतं. चाकाचा धातू मुख्यतः तोच. डायमंड-कट चाक तर आणखी नाजूक. त्याची चकाकी लॅकरच्या पातळ थराखाली असते. फुटपाथच्या कडेला घासून तो थर फाटला की ओल आत शिरते आणि पांढुरक्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. मग घासून उपयोग नाही, चाक मशीनवरच न्यावं लागतं.

हा नखरा शंभर वर्षांचा आहे, बरं का. 1924 साली बुगातीची ‘टाइप 35’ ही रेसिंग गाडी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं घालून फ्रान्समध्ये लियाँच्या शर्यतीत उतरली. ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला, त्यामुळे चाक काढलं की ब्रेक समोर.

घरी धुताना चाकांचं फडकं आणि बॉडीचं फडकं वेगळं ठेवा, नाहीतर तेच लोखंडी कण दारावर ओरखडे काढतील. एका वेळी एकच चाक घ्या. स्पोकच्या मागच्या बाजूला जुना टूथब्रश फिरवा, नटांच्या खाचांत पेंटब्रश. कोरडं पुसून वर वॅक्सचा हात मारला की पुढची काजळी नुसत्या पाण्याने सुटते आणि एका बादलीत चारही चाकं होतात.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नका. ओल्या डिस्कवर रात्रभरात नारिंगी गंज धरतो. हळू वेगात चार-सहा वेळा ब्रेक दाबला की त्या सुकतात. चंदीगडची पोरं सेक्टर 10-11 च्या बाजूला संध्याकाळी उगाच गाडी फिरवतात, त्याला ‘गेडी’ म्हणतात. मारा एक गेडी, घरच्यांना सांगायला कारणही आहे.