शेगडी आली, सिलिंडरचं काय?

कुर्ल्याच्या आमच्या वस्तीत परवा एक ओळखीची बाई पुन्हा चुलीपुढे खोकत बसलेली दिसली.

"अगं, गॅस आहे ना तुझ्याकडे?"

"आहे हो ताई. पण सिलिंडरला एकरकमी पैसे कुठून आणू? लाकूडफाटा रोजच्या रोज जमतो."

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. २०२१ पासून स्थलांतरितांना रेशनकार्डाऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागलं. कागदांची अडचण सुटली. हातावर पोट असणाऱ्यांची पैशांची अडचण राहिलीच. १४.२ किलोऐवजी ५ किलोचाही सिलिंडर मिळतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. मग आम्ही दोघी एजन्सीत गेलो.

मैत्रिणींनो, साड्या-भांड्यांसाठी आपण भिशी लावतो. एखादी सिलिंडरसाठीही लावूया ना? धुरानं डोळे शेवटी आपलेच चुरचुरतात!