सुतारकामातील विजेची हत्यारे आणि खिळ्यांची गन

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील सुताराचे काम गेल्या तीन दशकांत मुळापासून बदलले. पूर्वी बारा बलुतेदारांतला हा कारागीर नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी घडवी, तसेच माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांचे खांब-तुळया बसवी. नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या जंगलातला साग त्याच्या ओळखीचा होता. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली. पुनर्वसनात विटा-सिमेंटची घरे उभी राहिली. शेतात ट्रॅक्टर आला आणि लाकडी औजारांची मागणीही ओसरली. आता सुतार स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, कपाटे, पलंग आणि दुकानांचे काउंटर करतो. शिकवणीसाठी या दोन शहरांत येणाऱ्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि अभ्यासिका यांची टेबलेही त्यालाच करावी लागतात. माल प्लायवूड, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि सनमायका असा असतो. रंधा, पटाशी, करवत अजून पेटीत आहेत, पण कापणे, भोक पाडणे, घासणे आणि खिळे ठोकणे ही कामे बहुतांशी मशीनवर होतात.

मशीन हाती आले, तरी ते चालवण्याचे रीतसर शिक्षण फार थोड्यांना मिळाले. आयटीआयमध्ये सुतारकामाचा 1 वर्षाचा अभ्यासक्रम असतो. मात्र बहुतेक कारागीर मिस्त्रीच्या हाताखाली पाहून शिकतात, आणि त्याच्या सवयी चांगल्या-वाईटासकट उचलतात. हातकरवतीच्या चुकीने बोट कापले तर जखम बहुधा टाक्यांवर भागते. विजेच्या पात्याची चूक हात मागे घेण्याआधीच होऊन गेलेली असते.

वेगाचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. तेव्हा त्याच्या चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चकतीवर तिची कमाल फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते आणि ती मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असावी लागते. मोठ्या मशीनची चकती गार्ड काढून लहान ग्राइंडरवर बसवली, तर ती मर्यादा ओलांडली जाऊन चकती फुटू शकते. पडलेली, तडा गेलेली किंवा ओली झालेली घासण्याची चकती वापरू नये. नवी चकती बसवल्यावर मशीन अंगापासून दूर धरून थोडा वेळ रिकामे फिरवावे.

छोट्या कामांच्या जागी सर्वांत जास्त दिसणारे आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारे मशीन म्हणजे मार्बल कटर. ते फरशी कापण्यासाठी बनवलेले आहे. स्वस्त आणि हलके असल्याने त्यालाच लाकडाचे दातेरी पाते लावून प्लायवूड कापले जाते. लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉला खालच्या बाजूला स्प्रिंगचा गार्ड असतो. पाते लाकडात शिरताना तो मागे सरकतो आणि बाहेर येताच पाते झाकतो. मार्बल कटरला असा गार्ड नसतो. काप संपल्यावर उघडे पाते फिरतच राहते आणि मशीन खाली ठेवताना मांडीला किंवा पायाला लागते. ग्राइंडरवर दातेरी पाते चढवणे याहूनही घातक आहे.

कापताना फळीची दोन्ही टोके टेकलेली आणि मधला भाग लोंबता असेल, तर चीर मिटते आणि पात्याला चिमटते. त्या क्षणी मशीन किक मारून कारागिराच्या दिशेने उसळते. म्हणून फळीला कापाच्या जवळ आधार द्यावा, कापून सुटणारा तुकडा मोकळा पडू द्यावा आणि स्वतः कापाच्या रेषेत न उभे राहता थोडे बाजूला उभे राहावे. पाते फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम एका दाताएवढेच खाली यावे. टेबलावर बसवलेल्या करवतीला पात्यामागे एक उभी पट्टी असते. ती चीर उघडी ठेवते, त्यामुळे अडचण वाटली तरी काढू नये. अरुंद पट्टी कापताना शेवटचा ढकलण्याचा भाग बोटांनी न करता लाकडी दांडीने करावा. फिरत्या मशीनजवळ हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातला गमछा आणि हातातले कडे नको, कारण कापडाचा एक धागा अडकला तरी हात आत ओढला जातो.

खिळ्यांच्या गनचा धोका वेगळ्या जातीचा आहे. हवेच्या दाबावर चालणारी खिळ्यांची गन अमेरिकेत 1950 मध्ये घरांच्या लाकडी जमिनी ठोकण्यासाठी बाजारात आली. फर्निचरच्या कामात बहुधा एफ-30 प्रकारची गन असते. तिच्यात 18 गेजचे, 10 ते 30 मिलिमीटर लांबीचे बिनडोक्याचे खिळे बसतात. एफ-50 मध्ये 50 मिलिमीटरपर्यंतचे खिळे चालतात. काँक्रीटमध्ये ठोकण्यासाठी एसटी-64 ही जड गन असते. कंप्रेसरमधली हवा नळीतून गनमध्ये येऊन थांबते. चाप ओढला की झडप उघडते आणि हवा दट्ट्याला ढकलते. दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी रांगेतला एक खिळा कापून थेट लाकडात घुसवते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते.

चांगल्या गनच्या तोंडाशी सुरक्षेचे नाक असते. ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. चाप दोन पद्धतींचे असतात. एकात आधी नाक दाबायचे, मग चाप ओढायचा, आणि प्रत्येक खिळ्यासाठी दोन्ही क्रिया पुन्हा करायच्या. दुसऱ्यात चाप ओढूनच ठेवायचा आणि नाक टेकवेल तिथे खिळा सुटत राहतो. दुसरी पद्धत भराभर काम करते, पण झटक्याने गन उसळून पुन्हा टेकली की नको असलेला खिळाही सुटतो. अमेरिकेतील ओशा आणि नायोश या दोन सरकारी संस्थांनी 2011 मध्ये बांधकाम ठेकेदारांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिल्याच पद्धतीचा आग्रह धरला आहे. त्या मार्गदर्शिकेनुसार तिथे दरवर्षी सुमारे 37,000 लोक खिळ्यांच्या गनच्या जखमा घेऊन तातडीच्या उपचारासाठी येतात, आणि निम्म्याहून अधिक जखमा हाताच्या व बोटांच्या असतात. बाजारातल्या काही स्वस्त छोट्या गनना असे नाक नसतेच. ज्यांना असते, त्यांचे नाक तारेने बांधून ठेवणारेही कारागीर आहेत. तसे केल्यावर ती गन कुठेही आणि कुणावरही खिळा सोडू शकते.

बोटात खिळा जाण्याचे नेहमीचे कारण नेम चुकणे हे नसते. 18 मिलिमीटर प्लायवूडच्या कडेत ठोकलेला बारीक खिळा आतल्या गाठीला किंवा जुन्या खिळ्याला लागून वळतो आणि बाजूने बाहेर येतो. जोड धरलेले बोट नेमके तिथे असते. म्हणून धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून निदान 1 फूट दूर ठेवावा आणि लहान जोड शिकंज्यात धरावा. चालताना चापावर बोट नको. शिडीवर किंवा छताच्या कामात गन तोंडासमोर येऊ देऊ नये. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढावी, मग झाकण उघडावे. हवेचा दाब साधारण 70 ते 100 पीएसआयच्या मर्यादेत आणि गनवर लिहिलेल्या आकड्याच्या आत ठेवावा. कंप्रेसर नाही म्हणून गन ऑक्सिजन किंवा इतर गॅसच्या सिलिंडरला जोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. कंप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडावे आणि सुरक्षा झडप चालते का ते पाहावे. काम संपल्यावर त्याच हवेने अंगावरचा भुसा उडवण्याची सवय फार पसरलेली आहे. ती हवा डोळा, कानाचा पडदा किंवा कापलेली त्वचा यांना गंभीर इजा करू शकते.

विजेची जोडणी हा तिसरा धोका. प्लग तोडून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचल्या की अर्थिंग जाते आणि जोड तापतो. वायर अखंड, प्लग तीन पिनांचा आणि बोर्डावर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. मशीनवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर त्याला दुहेरी आवरण असते आणि अर्थिंगची तार लागत नाही. भारनियमन आणि अचानक जाणारी वीज यांमुळे मराठवाड्यात आणखी एक नियम महत्त्वाचा ठरतो. ग्राइंडरचे किंवा कटरचे बटण अडकवून ठेवलेले असताना वीज गेली आणि मशीन तसेच ठेवले, तर वीज येताच ते जमिनीवर आपोआप फिरू लागते. वीज जाताच बटण सोडावे आणि प्लग काढावा. पाते बदलतानाही हाच नियम.

काही इजा लगेच दिसत नाहीत. लाकडाचा भुसा आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यातील फॉर्मल्डिहाइड या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणारे पदार्थ म्हणून नोंदवले आहे. तोंडाला रुमाल बांधून बारीक भुसा अडत नाही. चांगला मास्क, उघडी खिडकी आणि भुसा ओढणारे यंत्र लागते. ग्राइंडर आणि सर्क्युलर सॉचा आवाज 85 डेसिबलच्या वर असतो, म्हणून कानात बोळे हवेत. डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा गन, ग्राइंडर आणि ड्रिल या तिन्हींना लागतो.

अपघात झालाच तर रुतलेला खिळा उपटू नये, कारण तोच रक्तस्राव रोखून धरत असतो. हात स्थिर बांधून 108 ला फोन करावा. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ बोटाला थेट लागता कामा नये. लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आणि नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही या भागातील मोठी सरकारी रुग्णालये आहेत. धनुर्वाताची लस विसरू नये.

राज्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला कारखान्यांसाठीचा सुरक्षा कायदा लागू होण्यासाठी साधारणपणे 20 कामगार लागतात. चार-पाच जणांची सुतारी जागा त्यात बसत नाही आणि तिथे तपासणीला कोणी येत नाही. बांधकामावर वर्षातून किमान 90 दिवस काम करणारा 18 ते 60 वयाचा सुतार मात्र महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करू शकतो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षण मिळते आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. म्हणजे यापुढे आणखी मशीन गावोगाव पोहोचतील. कामाच्या जागी नियम लावणारा माणूस शेवटी मिस्त्रीच असतो. नव्या पोराच्या हाती गन किंवा कटर देण्याआधी त्याला गार्ड, नाक आणि प्लग यांचे काम समजावणे ही त्याची पहिली जबाबदारी आहे, आणि गार्ड काढलेले मशीन कामावर न चालू देणे ही दुसरी.